जुन्या बँडांनी उतारवयात पुन्हा रंगमंचावर यावे काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा मला प्रथम हसू आले. आमच्या लकडगंजात बँड म्हटला म्हणजे लग्नाच्या वरातीपुढे लाल कोट घालून चालणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. आणि मी पडलो आरामशिनीवरच्या कामगारांची व लाकूडबाजारातल्या हमालांची युनियन चालविणारा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून. विलायती संगीताबद्दल मी बोलावे हे नवलच. पण विषय मनात घोळू लागला तसे ध्यानात आले की हा प्रश्न जितका गाण्याचा आहे तितकाच कामाचा आहे. वय झालेल्या माणसाने आपले जुने काम पुन्हा हाती घ्यावे काय, कोणाच्या सांगण्यावरून घ्यावे, आणि त्याची मजुरी कोणाच्या पदरात पडावी, हे प्रश्न मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. म्हणून बोलायला उभा राहिलो.

आधी 'रॉक बँड' म्हणजे काय ते समजून घेऊ. चारपाच तरुण एकत्र येतात. दोघेतिघे विजेवर चालणारी गिटार वाजवितात, एकजण ड्रम वाजवितो, एकजण गातो. येथवर तो आपल्या भजनी मंडळासारखाच. फरक असा की गाणी रचणारे, चाली बांधणारे, वाजविणारे आणि गाणारे हे सर्व तेच असतात. आपल्याकडे नाटकाचे पद लिहिणारा एक, चाल देणारा दुसरा आणि गाणारा तिसरा. त्यामुळे नट बदलला तरी नाटक चालू राहते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख आणि अण्णा भाऊ हे दोघेही १९६९ साली गेले, पण त्यांची गाणी आजही मोर्चात कोणीही गातो आणि त्यात कोणाला उणे वाटत नाही. रॉक बँडाच्या गाण्याचे तसे नाही. ते गाणे त्या चार माणसांच्या अंगाला चिकटलेले असते. म्हणून बँड मोडला की गाणे तबकडीत उरते, पण रंगमंचावरून जाते, आणि लोक विचारू लागतात, "ही माणसे पुन्हा एकत्र केव्हा येणार?"

हा प्रश्न केवळ विलायतेचा आहे असे समजू नका. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली नावे. १९९३ साली त्यांनी 'इंडस क्रीड' असे नाव घेतले, आणि १९९७ साली बँड मोडला. कोणी न्यूयॉर्कला गेले, कोणी दुसऱ्या कामाला लागले. तेरा वर्षांनी, २०१० साली, त्यांतले काहीजण पुन्हा जमले. गिटार व ड्रम यांची उणीव त्यांनी दोन नवे तरुण घेऊन भरून काढली. आणि मुख्य गोष्ट ही की ते केवळ जुनी गाणी घेऊन फिरले नाहीत; २०१२ साली त्यांनी नव्या गाण्यांचा संग्रह काढला. पुन्हा एकत्र येण्याचा हा एक सरळ नमुना होय. नव्या कामासाठी जमलेल्या माणसांना 'आता कशाला आलात?' असे कोणी विचारू नये.

पण सगळेच नव्या कामासाठी जमत नाहीत. पुष्कळदा जमविले जातात. त्यामागचा हिशेब असा. पूर्वी बँडाची मिळकत मुख्यतः तबकड्यांवर आणि कॅसेटींवर असे. इंटरनेट आल्यावर गाणे जवळजवळ फुकट झाले आणि ती मिळकत आटली. जे फुकट मिळू शकत नाही ते एकच उरले, ते म्हणजे प्रत्यक्ष समोर बसून ऐकणे. शिवाय वीस वर्षांचे असताना ज्यांनी ती गाणी ऐकली ते आता पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या खिशात पैसा आहे. तेव्हा कंत्राटदार जुन्या भांडलेल्या मित्रांच्या दारी जाऊन बसतात. इंग्लंडातला 'ओएसिस' नावाचा दोन भावांचा बँड २००९ साली भांडून मोडला. २०२५ साली ते भाऊ पुन्हा एकत्र गायले. आदल्या वर्षी तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा मागणी वाढेल तशी काही तिकिटांची किंमत वाढत गेली आणि तासन् तास रांगेत राहिलेल्या लोकांत मोठा संताप उसळला. टंचाई पाहून भाव वाढविणाऱ्या दुकानदाराला आपण जे नाव देतो, ते तेथेही द्यायला हरकत नाही.

उलट बाजूही पाहू. 'बीटल्स'ने पैसे घेऊन केलेला शेवटचा जलसा १९६६ सालचा. १९७० साली बँड मोडला. पुढची दहा वर्षे जग त्यांची वाट पाहत होते. १९८० साली जॉन लेनन यांचा खून झाला आणि वाट पाहणेच संपले. 'लेड झेपेलिन'चा ड्रमवादक १९८० साली वारला व बँड थांबला. २००७ साली लंडनला त्यांनी एकच जलसा केला. वडिलांच्या जागी मुलगा ड्रमवर बसला. तिकिटांसाठी कोट्यवधी अर्ज आले असे म्हणतात. तो गाजल्यावर मोठ्या दौऱ्याची मागणी झाली, पण त्यांच्या गायकाने नकार दिला. एकदा केले, मनासारखे झाले, पुरे. हा नकारही मला तितकाच मानाचा वाटतो.

आपल्या मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. दोन उदाहरणे सांगतो. पहिले १९२१ सालचे. गंधर्व आणि ललितकलादर्श या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या नाटक मंडळ्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय अवघे एकतीस. 'पुढच्या वर्षी पाहू' असे त्या दोघांनी म्हटले असते तर तो योग आलाच नसता. जे लोक बँडांना 'आता नको' म्हणून सांगतात त्यांनी हा दिवस आठवावा.

दुसरे उदाहरण बालगंधर्वांचेच, आणि ते अधिक अवघड आहे. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात पुरुषभूमिकेत दिसले. नाटक मंडळी थांबली होती. पण ते पुन्हा रंगभूमीवर आले, आणि साठीच्या आसपासही शालू नेसून तरुण नायिकेच्या भूमिकेत उभे राहिले. पुढे पाय अधू झाले, तरी गळा थांबला नाही. रसिकांत दोन तट पडले. एक म्हणे, 'डोळे मिटा आणि ऐका, तोच सूर आहे.' दुसरा म्हणे, 'आमच्या मनातली भामिनी कशाला मोडता?' दोघांचेही प्रेम खरे होते. पण दोघेही स्वतःच्या सुखदुःखाचाच विचार करीत होते. त्या माणसाने कर्जाचा डोंगर पाहिला होता, गाण्यावाचून दुसरे काम केले नव्हते. त्याला काय हवे होते, हे प्रेक्षकागृहात बसून ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता शरीराकडे वळू, कारण कामगाराचे भांडवल तेच. वय वाढते तशी गळ्यातल्या स्वरपट्ट्यांची लवचिकता कमी होते, छातीत पूर्वीइतका वारा मावत नाही, आणि वरचे सूर आधी निसटतात. म्हणून शहाणे गायक जुने गाणे अर्धा-एक सूर खाली उतरवून गातात. त्यात लाज नाही. ड्रमवादन ही तर अंगमेहनतच. 'जेनेसिस' बँडाचे फिल कॉलिन्स मूळचे ड्रमवादक. शेवटच्या दौऱ्यात त्यांना काठ्या धरता येत नव्हत्या. मार्च २०२२ मध्ये लंडनला झालेल्या अखेरच्या जलशात ते खुर्चीवर बसून गायले आणि ड्रमवर त्यांचा मुलगा होता. तिसरी गोष्ट कानांची. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरली जाते. १०० डेसिबलला दोनच तास. रॉक जलशात आवाज याच्याही वर सहज जातो. 'एसी/डीसी' बँडाच्या गायकाला बहिरेपणाच्या धोक्यामुळे २०१६ साली दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. कापडगिरणीच्या मागखात्यात जन्म काढलेली माणसे आपण नागपुरात पाहिली आहेत; त्यांच्याशी ओरडून बोलावे लागते. तेव्हा म्हाताऱ्या वादकाला मंचावर उभे करणाऱ्याने त्याच्या कानांची आणि गुडघ्यांची काळजी घेणे हा उपकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. तीत दोष माझा आहे. तरुणपणी आमच्या युनियनचे कलापथक होते. सहाजण होतो. मी डफावर. एका संपाच्या तडजोडीवरून आमच्यात फूट पडली आणि कलापथक मोडले. वीसबावीस वर्षे आम्ही एकमेकांच्या लग्नकार्यांना गेलो, पण एका सतरंजीवर बसलो नाही. दोन वर्षांपूर्वी १ मेच्या कार्यक्रमासाठी मी पुढाकार घेतला आणि उरलेल्या चौघांना जमविले. आमचा मुख्य गाणारा आता पासष्टीचा. उभी हयात भुश्श्यात गेल्याने छातीला दम्याची खोड. मी हौसेने जुनीच काळी चार पट्टी लावली. पहिल्या कडव्यात ठीक झाले. दुसऱ्या कडव्याला वरचा सूर आला आणि आवाज फाटला. समोरची पोरे मोबाइलवर चित्रण करीत होती, एकदोघे हसले. तो गात राहिला आणि मी डफ वाजवीत राहिलो, कारण थांबावे कसे हे मला कळेना.

कार्यक्रमानंतर मी त्याच्या घरी गेलो. तो रागावला नव्हता. म्हणाला, "मले कोनी इचारलं का, भाऊ? तारीख तुमी ठरवली, गाना तुमी ठरवला, अन् पट्टी बी तुमीच ठरवली. मी नाई म्हन्लो असतो असं नाई. पन इचारा तं लागते नं."

तीस वर्षे मी मालकांना हेच सांगत आलो होतो की कामगाराला विचारल्याखेरीज पाळी बदलू नका. आणि स्वतःच्या मित्राला विचारायचे विसरलो. पुढच्या वर्षी त्याने ठरविले. बसून गायचे, काळी तीन पट्टीत, आणि तीनच गाणी. पहिल्याच गाण्याला मंडप शांत झाला. आवाजात जुना जोर नव्हता, पण संपात उपाशी राहिलेल्या माणसाने संपाचे गाणे गावे तसे ते होते, आणि ते विशीतल्या पोराला आणता येत नाही.

म्हणूनच मला क्यूबातल्या वृद्ध वादकांची हकीकत आवडते. १९९६ साली हवाना शहरात काही विस्मृतीत गेलेले गवई-वादक एकत्र बोलावण्यात आले. त्यांतला पियानो वाजविणारा रुबेन गोंझालेस पंच्याहत्तरी उलटलेला. त्याच्या घरी पियानोही उरला नव्हता. गायक इब्राहिम फेरेर गाणे सोडून बसला होता आणि बूट पॉलिश करून चार पैसे मिळवीत होता. 'बुएना विस्टा सोशल क्लब' या नावाने निघालेली त्यांची गाणी जगभर गाजली आणि १९९८ साली ते अमेरिकेच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. त्यांना कोणी 'आता पुरे' म्हटले असते तर जगाचे नुकसान झालेच असते. पण त्याआधी त्या म्हाताऱ्यांचे झाले असते.

तर मग उत्तर काय? यावे काय, याचे माझे उत्तर 'यावे' असे आहे. मात्र युनियनवाला असल्याने अटी घातल्याशिवाय मला होकार देता येत नाही. पहिली अट, निर्णय कलावंताचा असावा. तारीख, गाणी आणि पट्टी त्याने ठरवावी, आणि त्याचा नकारही तितक्याच मानाने घ्यावा. दुसरी, जमाखर्च उघडा असावा. जो सोबती वारला, ज्याची रचना गायली जाते, त्याच्या घरी वाटा पोचावा, आणि दिवे लावणाऱ्या, मंडप घालणाऱ्या, पेट्या वाहणाऱ्या मजुरांची मजुरी त्याच रात्री चुकती व्हावी. तिसरी, काही तिकिटे अशी असावीत की ज्या लोकांनी त्या बँडाला मोठे केले त्यांना ती परवडतील.

एक अट समाजासाठी राहिली. पोटासाठी मंचावर यावे लागणे आणि हौसेने येणे यांत फार अंतर आहे. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाले, पण उतारवयात हलाखीच वाट्याला आली. २००२ साली त्या गेल्या. सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. ती वेळेवर पोचली पाहिजे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणाला लिहून घेता येणार नाही असे झाले, आणि गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला. हे कागदावरचे हक्क हातात पडले तर म्हातारा कलावंत मोकळ्या मनाने 'येतो' म्हणू शकेल, आणि 'येत नाही' असेही म्हणू शकेल.

आमचा गाणारा यंदाही १ मेला गाणार आहे. दोनच गाणी म्हणतो असे त्याने कळविले आहे. श्रोत्यांनी वेळेवर यावे, आणि मोबाइल खिशात ठेवावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.