वऱ्हाडचे दादासाहेब : निवडलेले की नेमलेले?

या वेळी दादासाहेब खापर्ड्यांची शिर्डीची रोजनिशी उघडायची, असं मागच्या आठवड्यात ठरलं होतं. ती पुढे ढकलतो आहे, कारण अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं मला चार दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. ते विचारतात, ‘कौन्सिल ऑफ स्टेटच्या जुन्या यादीत दादासाहेब खापर्डे नेमलेल्या सभासदांत दिसतात. तुम्ही तर ते निवडून गेले असं लिहिलंत. टिळकांचा जवळचा माणूस सरकारनियुक्त कसा?’

गुरुजी, यादीही खरी आणि मी लिहिलं तेही खरं. घोळ आपल्या वऱ्हाडाच्या सातबाऱ्यात आहे.

वऱ्हाड मुळात निजामाचं. फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. तरी सातबाऱ्यावर नाव निजामाचंच राहिलं. कायद्याच्या भाषेत अमरावती, अकोला ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. मग तिथल्या मतदारांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वरिष्ठ सभागृहात, माणूस निवडून धाडायचा कसा? १९१९च्या सुधारणांत यावर तोड निघाली : मतदान वऱ्हाडात घ्यायचं आणि जिंकेल त्याला सरकारनं नेमायचं. साठ जणांच्या त्या सभागृहात वऱ्हाडची अशी एकच जागा होती. ‘बेरारचे प्रतिनिधी’ म्हणून तिथे दादासाहेब बसले. पुढे यवतमाळचे बापूजी अणे खालच्या सभागृहात गेले, तेही याच वाटेनं.

मतदार मात्र मूठभर होते. मोठे जमीनदार, मोठे करदाते असे सगळ्या देशात मिळून वीस हजारांच्या आत.

पत्रातला ‘सरकारनियुक्त’ हा शब्द मला लागला, तो दादासाहेबांच्या कारकिर्दीमुळे. टिळकांच्या अपिलासाठी १९०८मध्ये चालती वकिली सोडून हा माणूस विलायतेला गेला आणि दोन वर्षांनी परतला. १९१९मध्ये रौलट विधेयकाला त्यानं दिल्लीच्या कायदेमंडळात विरोध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमृतसरला टिळकांनी प्रतियोगी सहकारिता मांडली, म्हणजे सरकार जितकं देईल तितकं घ्यायचं आणि उरलेल्यासाठी आत बसून भांडायचं. ऑगस्ट १९२०मध्ये टिळक गेले. काँग्रेसनं गांधीजींच्या असहकाराची वाट धरली, कायदेमंडळांवर बहिष्कार आला. दादासाहेबांना तो पटला नाही. ते गुरूच्या शेवटच्या वाटेवरच थांबले. देश पुढे निघून गेला होता आणि ते त्यांनी ओळखलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यांना सरकारचा माणूस म्हणणं हा अन्याय आहे.

१९२०च्या त्या निवडणुकीचं एखादं पत्रक, मतदारयादी किंवा आजोबांच्या नावची मतपत्रिका अमरावती-अकोल्याकडच्या कुणाच्या जुन्या पेटीत असेल, तर जरूर कळवा. मी स्वतः येऊन पाहीन. शिर्डी पुढच्या आठवड्यात.