निकाल लवकर हवा, पण अपील राहूनच



शिक्षणासाठी ब्रिटनला जाण्याचे स्वप्न आपल्या अनेक घरांत पाहिले जाते. तेथे व्हिसा नाकारला, किंवा जीव वाचवण्यासाठी आलेल्या माणसाला आश्रय नाकारला, तर दाद कोठे मागायची? या प्रश्नावर त्या देशात अनेक वर्षे विचारमंथन चालू आहे.

१९६९च्या कायद्याने तेथे अपिलाच्या दोन पायऱ्या झाल्या : प्रथम निर्णय-अधिकारी, त्यावर न्यायाधिकरण. पुढे प्रकरणे साचू लागली, म्हणून २००५ साली दोन्हींच्या जागी एकच न्यायाधिकरण आले. मूळ विधेयकात तर वरच्या न्यायालयाचे दार बंद करणारे कलम होते. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड वूल्फ यांनी २००४मध्ये त्यास जाहीर विरोध केला आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. २०१०मध्ये पुन्हा दोन पायऱ्या आल्या.

नंतर अपिलाचा हक्कच आखडला गेला. मुलांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांचा व्हिसा नाकारल्यास सर्वसाधारण अपील जून २०१३पासून बंद झाले. २०१४च्या कायद्याने विद्यार्थी व नोकरदारांचेही बहुतेक अपील गेले. त्याऐवजी फेरतपासणी मिळाली, पण ती त्याच गृहखात्याकडे.

आश्रयाच्या प्रकरणांत मात्र अपील कायम राहिले. ऑगस्ट २०२५मध्ये अशी सुमारे ५१,००० अपिले प्रलंबित होती आणि निकालास सरासरी एक वर्षाहून अधिक लागत होते. तेव्हा सरकारने स्वतंत्र निर्णायकांची नवी संस्था उभारण्याची घोषणा केली.

विलंब हा अन्यायच आहे, कारण तोवर माणसाला आयुष्य उभे करता येत नाही. परंतु अलीकडच्या वर्षांत आश्रयाची जवळपास निम्मी अपिले मंजूर झाली आहेत. अपील नसते तर त्यातील कित्येकांना संकटाच्या तोंडी परत पाठवले गेले असते. म्हणून सुधारणेची कसोटी केवळ वेग नव्हे. ज्या खात्याने नकार दिला, त्याच्याबाहेरील कोणी ते प्रकरण पाहतो की नाही, हे महत्त्वाचे.

पालकांना एक सूचना : नकार आल्यास घाबरून लगेच नवा अर्ज करू नये. निर्णयपत्र पूर्ण वाचावे. उपलब्ध उपाय व मुदत त्यातच दिलेली असते. फेरतपासणीसाठी भारतातून साधारणतः २८ दिवस, तर ब्रिटनमध्ये असल्यास १४ दिवस मिळतात. मुदत हुकली की हक्कही हुकतो.

– प्राचार्य