शिक्का बोलतो कोण? युरोपातील ‘सीई’ खूण आणि आपल्या घरातलं लाकूड

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांनी कळवलं की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने प्लायवूडच्या नियमांत कशाला शिरावं? तर सांगतो. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वर्गात चौथ्या प्रमाणाशी आलो की विद्यार्थी हमखास कुरकुर करायचे. कुणी सांगितलं म्हणून ते खरं कसं मानायचं? आमचं म्हणणं असं की, दुकानात जाऊन प्लायवूडचा एक तक्ता विकत घेऊन बघा. आतले पापुद्रे कुठल्या लाकडाचे, मधला गोंद कसला, हे डोळ्यांना दिसत नाही. फोडून आणि उकळून बघायला दुकानदार देणार नाही. तिथे प्रत्यक्ष संपलं, अनुमानही फार चालत नाही. उरतो तो कोपऱ्यातला शिक्का. म्हणजे शब्द. आणि शब्द आला की दोन प्रश्न आले: बोलतो कोण, आणि नेमकं काय बोलतो?

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जुन्या कौलारू घराला लाकूड निवडताना हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटायचा. फणस, साग, ऐन, किंजळ. आढं कशाचं, वासे कशाचे, हे ठरलेलं. सुतार पहिला प्रश्न विचारायचा, ‘खंयचा लाकूड?’ कुठल्या जागेतलं, कधी तोडलं, किती दिवस सुकवलं. बरेचदा झाड मालकाच्या परड्यातलंच. सांगणारा माणूस समोर उभा, आणि खोटं सांगितलं तर उद्या त्याच वाडीत तोंड दाखवायचं. ‘आप्त’ कुणाला म्हणावं, तर ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची इच्छा आहे त्याला. सुताराला आपल्या गावात असे आप्त मिळत होते. आता तक्ता येतो यमुनानगरहून किंवा केरळातल्या पेरुंबावूरहून. गोंद कालवणारा हात कुणाचा, हे इथे कुणालाच माहीत नसतं. ओळखीच्या जागी शिक्का आला तो असा.

युरोपात हाच घोळ देशादेशांमध्ये होता. जर्मनीत तपासलेला तक्ता फ्रान्समध्ये पुन्हा तपासायचा, कारण पद्धत वेगळी, आकडे वेगळे. बाजार एक करायचा असं १९५७च्या रोम करारापासून म्हणत होते, पण लाकूड, विटा, काच यांच्या वाटेत प्रत्येकाची मानकं आडवी. १९८५ साली त्यांनी धोरण बदललं. कायद्यात फक्त मूलभूत अपेक्षा लिहायच्या आणि तांत्रिक तपशील सामायिक मानकांवर सोपवायचा, अशी ती ‘नवी दिशा’. त्यातूनच पुढे सीई ही खूण रूढ झाली. खेळणी, यंत्रं, विजेची उपकरणं या सगळ्यांवर ती दिसते. अक्षरांची उंची किमान ५ मिलिमीटर असावी, इथवर नियम आहे.

आता इथे थोडं थांबू, कारण बांधकामाच्या वस्तूंवरची सीई खूण ही खेळण्यावरच्या सीई खुणेपेक्षा अर्थाने वेगळी आहे, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. खेळण्यावर खूण असली तर तिचा अर्थ असा, की कायद्यातल्या सुरक्षिततेच्या अपेक्षा हे खेळणं पुऱ्या करतं, असं बनवणारा सांगतो. लाकडाच्या तुळईबद्दल असं म्हणता येईल का? विचार करा. तुळई एकटी सुरक्षितही नसते आणि धोकादायकही नसते. सहा फुटांच्या गाळ्यावर ती भक्कम, तीच सोळा फुटांवर घातली तर वाकेल. सुरक्षितता हा तुळईचा गुणच नव्हे, तो इमारतीचा गुण आहे. अवयव आणि अवयवी यांचा जो वाद आमच्या शास्त्रात शतकानुशतकं चालला, तो ब्रसेल्समधल्या अधिकाऱ्यांना वेगळ्या वाटेने भेटला म्हणा ना.

त्यांनी काढलेला तोडगा आम्हाला आवडतो. बांधकाम-वस्तूंचा पहिला निर्देश १९८८चा, क्रमांक ८९/१०६. त्याच्या जागी २०११ साली नियम ३०५/२०११ आला आणि १ जुलै २०१३ पासून पूर्णपणे लागू झाला. तोपर्यंत ब्रिटन, आयर्लंड यांसारखे देश ही खूण ऐच्छिक मानत होते. त्या तारखेपासून ती सक्तीची झाली. या नियमात सात मूलभूत अपेक्षा आहेत: मजबुती, आगीपासून संरक्षण, आरोग्य व पर्यावरण, वापरातली सुरक्षितता, आवाजापासून संरक्षण, ऊर्जेची बचत आणि नैसर्गिक साधनांचा जपून वापर. पण या साती अपेक्षा इमारतीकडून आहेत. वस्तूने काय करायचं? तर आपली कामगिरी खरी खरी सांगायची. तिला ‘कामगिरीची घोषणा’ म्हणतात. हा कागद उत्पादकाने सही करून द्यायचा आणि दहा वर्षं जपून ठेवायचा. या घोषणेशिवाय सीई खूण लावता येत नाही.

म्हणजे बांधकामाच्या लाकडावरचा सीई शिक्का ‘माल चांगला आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘माझ्याबद्दल अमुक इतकं लिहून दिलं आहे, आणि लिहून देणारा त्याला बांधील आहे.’ पुरेसं आहे की नाही, हे त्या त्या देशाचा बांधकाम कायदा ठरवेल, अभियंता ठरवेल, तुम्ही ठरवाल. ३०५/२०११ खाली तर एखाद्या वस्तूची अनेक वैशिष्ट्यं कोरी ठेवायची मुभा आहे. तिथे एनपीडी अशी तीन अक्षरं लिहितात. अर्थ एवढाच की, ही कामगिरी ठरवलेली नाही. किमान एक वैशिष्ट्य घोषित केलं की पुरे. तक्त्यावर खूण झळकते आहे आणि घोषणेत चार ठिकाणी एनपीडी लिहिलं आहे, हे कायद्याला धरूनच आहे. मौन पाळणं आणि खोटं बोलणं यांतला फरक इथे चक्क अधिकृत झालेला आहे.

आता प्रत्यक्ष लाकडाकडे येऊ. प्लायवूड, भुश्याचे बोर्ड, फायबरबोर्ड, लाकडाच्या चपट्या कपच्यांचे ओएसबी, सिमेंटमिश्रित बोर्ड, या सगळ्यांना एक सामायिक मानक आहे, ईएन १३९८६. प्लायवूडच्या तक्त्यावर त्याच्या जोडीला ईएन ६३६ असं दिसेल आणि पुढे १, २ किंवा ३. एक म्हणजे कोरड्या जागी, दोन म्हणजे दमट जागी, तीन म्हणजे उघड्यावर. पुढे एस असेल तर भार घेणाऱ्या कामासाठी, जी असेल तर सामान्य कामासाठी. बघा, एका आकड्यात आणि एका अक्षरात केवढा मजकूर आहे. आमच्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. इथल्या माणसाने सीई ही दोन अक्षरं वाचून थांबायचं नाही, त्यापुढचा आकडा वाचायचा. ‘एक’ लिहिलेला तक्ता युरोपात पूर्ण कायदेशीर आहे. तो आपल्या न्हाणीघराच्या दाराला लावला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटायला लागतील, आणि तक्त्याने त्यात काहीही खोटं सांगितलेलं नसेल.

दुसरी गोष्ट गोंदाची. या बोर्डांतल्या पुष्कळशा गोंदांत फॉर्मल्डिहाइड असतं, ते हळूहळू हवेत सुटत राहतं. नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, त्याला बहुधा तेच कारण. युरोपात यासाठी ई१ आणि ई२ असे वर्ग आहेत. ई१ म्हणजे चाचणीच्या बंद खोलीत एक घनमीटर हवेमागे ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आता एका वेगळ्या, रसायनांच्या कायद्यान्वये ऑगस्ट २०२६ पासून लाकडी वस्तू आणि फर्निचरसाठी ही मर्यादा ०.०६२ करण्याचं ठरलं आहे, म्हणजे नेमकी निम्मी. लहान मुलं झोपतात त्या खोलीतला पलंग घेताना हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा. त्याला उत्तर येणार नाही. पण दहा जणांनी विचारलं की तो पुढच्या खेपेला कंपनीला विचारील.

कापीव लाकडाचं मानक वेगळं, ईएन १४०८१. तिथे सी २४ असा वर्ग दिसतो. सी म्हणजे सूचिपर्णी जातीचं मऊ लाकूड. २४ म्हणजे वाकवताना प्रत्येक चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन इतकी ताकद. पण ही सरासरी नव्हे, बरं का. शंभर नग मोडून बघितले तर पंचाण्णव नग या आकड्याच्या वर मोडतील, असा तो तळाचा आकडा आहे. लाकूड हे पोलाद नव्हे. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात, गाठ कुठे आहे यावर सगळं. म्हणून सरासरीवर घर बांधायचं नाही, कमकुवत नगांचा हिशेब धरून बांधायचं. आमचे सुतार ठोकून, गाठी बघून हेच करत होते. फक्त त्यांनी आकडा लिहिला नाही, आणि म्हणून त्यांचं ज्ञान त्यांच्या हाताबरोबर गेलं. आम्हाला याची हळहळ वाटते, पण जुनं ते सगळं सोनं असंही आम्ही म्हणणार नाही. वाळवीने पोखरलेली आढी जुन्या घरांतही होतीच.

हा शब्द तपासतो कोण? त्याच्याही पायऱ्या आहेत. हलक्या कामाच्या वस्तूसाठी सगळं उत्पादक स्वतःच करतो. भार घेणाऱ्या तक्त्यांसाठी आणि तुळयांसाठी ‘दोन अधिक’ नावाची पायरी आहे. तिच्यात एक बाहेरची अधिसूचित संस्था कारखान्यातली उत्पादनाची शिस्त तपासते आणि पुढेही लक्ष ठेवते. तिचा चार अंकी क्रमांक खुणेशेजारी छापतात. तो क्रमांक दिसला, तर कुणी तिसरा माणूस कारखान्यात जाऊन आला असं समजावं. मात्र हेही लक्षात ठेवा, की लाकूड कुठल्या जंगलातून आलं, चोरीचं की कायदेशीर, हे सीई सांगत नाही. त्यासाठी युरोपात दुसरे कायदे आहेत.

आपल्याकडची आयएसआय खूण वेगळ्या मनोवृत्तीची आहे. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ची; पुढे १९८७ पासून तिचं काम भारतीय मानक ब्यूरो करू लागला. इथे ब्यूरो परवाना देतो आणि म्हणतो, ‘हा माल अमुक मानकात बसतो.’ तिकडे बोलणारा उत्पादक, इकडे बोलणारं जवळजवळ सरकारच. अलीकडे प्लायवूड, फ्लश दरवाजे आणि लाकडी बोर्ड यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही निघाले. आम्हाला विचाराल तर आपल्या ग्राहकाला आयएसआयची रीत जास्त सोयीची. घोषणेचा कागद वाचायला प्रत्येकाच्या घरी अभियंता नसतो. पण या सोयीने एक आळस आणला. ‘आयएसआय आहे ना?’ एवढं विचारून आपण गप्प बसतो. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, तो कोण वाचतं? आयएस ३०३ म्हणजे सामान्य कामाचं प्लायवूड, आणि त्यातही एमआर हा दर्जा घराच्या आतल्या कोरड्या कामासाठी. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायवूड, ज्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. शिक्का दोघांवरही तोच. खाली परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या ॲपवर घालून बघता येतो. अस्सल असेल तर परवानाधारकाचं नाव समोर येतं.

आता आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न. सिंधुदुर्गात माणगा बांबू मोठ्या प्रमाणावर होतो, भरीव आणि सरळ. कुडाळला ‘कोनबॅक’ ही संस्था २००४ पासून बांबूच्या बांधकामावर काम करते आहे. उद्या इथला प्रक्रिया केलेला बांबू युरोपात खांब म्हणून विकायचा म्हटलं, तर? पहिली अडचण नावाची. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. आपल्या १९२७च्या वन कायद्यात तो झाड होता. २०१७ साली दुरुस्ती करून त्याला झाडांच्या व्याख्येतून काढलं आणि शेतकऱ्याची वाहतूक-परवान्यांतून बरीच सुटका झाली. व्याख्या बदलली, बांबू तोच. युरोपात उलट: तिथली सामायिक मानकं लाकडाची, आणि गोल बांबू त्यांच्यात बसत नाही. मग त्याला आडवाट आहे, ‘युरोपीय तांत्रिक मूल्यांकन’ नावाची. ज्या वस्तूला मानक नाही, तिच्यासाठी कोणत्या चाचण्या करायच्या हे आधी ठरवायचं, त्या करायच्या, आणि मग खूण लावायची. वाट खुली आहे, पण खर्चिक. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि वकील आहेत, त्याचा शब्द लवकर प्रमाण ठरतो. पाच गुंठ्यांत बेटं लावणाऱ्याचा बांबू तितकाच मजबूत असला, तरी तो मुकाच राहतो. तरी काही तयारी झालेली आहे. बांबूच्या संरचनांसाठी आयएसओ २२१५६ आहे, काठ्यांच्या प्रतवारीसाठी आयएसओ १९६२४ आहे, आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बांबूचा विभाग आहे. एकेका शेतकऱ्याने हे करणं अशक्य; गटाने आणि संस्थेने मिळून केलं तरच जमेल. कुठल्या बेटातला, किती वर्षांचा, कशात बुडवून प्रक्रिया केलेला, या नोंदी आजपासून ठेवायला मात्र परदेशाची परवानगी लागत नाही.

वेळ होत आली. दोन प्रश्न आले आहेत. एका श्रोत्याने विचारलंय की, अक्षरं जवळ असली की सीई म्हणजे ‘चायना एक्स्पोर्ट’, हे खरं का? नाही. असं कोणतंही अधिकृत चिन्ह नाही. अक्षरांच्या आकाराचं आणि अंतराचं प्रमाण ठरलेलं आहे हे खरं, आणि ते चुकलं तर खूण नियमाबाहेरची ठरते. पण अंतर अचूक छापणं खोट्या मालवाल्यालाही जमतं. अंतर मोजण्यापेक्षा घोषणेचा कागद मागावा.

दुसरा प्रश्न, नियम पुन्हा बदलले का? हो. नवा नियम २०२४/३११० हा आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे आणि जुना नियम बरीच वर्षं त्याच्या सोबतीने चालणार आहे. नव्या नियमात वस्तूचा पर्यावरणावरचा भारही घोषित करावा लागेल, आणि कागदांच्या जागी डिजिटल नोंद येईल. बांबूवाल्यांनी त्यातला हा पर्यावरणाचा भाग आधी वाचावा, कारण तिथे बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ आहे.