आंब्याचा हंगाम : टेन्शन कोणते, विषबाधा कोणती?

पावसचा आंबा बागायतदार मोहोर फुटला की आभाळाकडे पाहू लागतो, तो थेट मे अखेरपर्यंत. आज तुडतुडे, उद्या फुलकिडे, परवा अवकाळी पाऊस. औषध उधारीवर आणलेले, वाशीच्या दलालाची उचल आधीच खर्च झालेली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडावर राहिलेला बराच माल जमिनीवर आला. अशा धंद्यात घाम फुटला, छाती धडधडली, तर माणूस 'टेन्शन आहे' म्हणून गप्प बसतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण फवारणीच्या दिवसांत नेमकी हीच समजूत जिवावर बेतू शकते.

भीती वाटली की मेंदू मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. काही सेकंदांतच अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते. नाडी जलद होते, तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मागोमाग कॉर्टिसॉल येते व रक्तातील साखर वाढवते. ही व्यवस्था वाघ दिसल्यावर पळण्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे मात्र ती चार-पाच महिने चालू राहते. त्यातून झोप उडते, रक्तदाब वाढतो. (अशा अवस्थेत दलालाचा फोन आला तर लगेच भाव कबूल करू नये. तासाभराने उलट फोन करावा.)

आता फवारणीचे पाहू. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवरच घाव घालतात, आणि माणसाची मज्जासंस्था त्यांना वेगळी वाटत नाही. एका तंतूचा निरोप पुढे पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन काम होताच नष्ट व्हावे लागते. ते नष्ट करणारे विकरच हे औषध निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. घाम दोन्हींत येतो, म्हणून फसगत होते. परंतु विषबाधेत तोंड कोरडे न पडता लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलटी, पोटात कळा, स्नायूंचे फडफडणे आणि पुढे श्वास कोंडणे. सर्व लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. काही वेळा तासांनंतरही दिसतात.

आंब्याचे झाड उंच. पंपाची नळी वर धरली की औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर पडतात, आणि हे विष कातडीतूनही शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, ती उदाहरणे विसरण्याजोगी नाहीत. आपल्या बागांत हे काम बहुधा मजूर किंवा नेपाळी राखणदार करतो. त्याला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा व मास्क देणे हा बागेचाच खर्च आहे, तो पेटीच्या हिशेबात धरावा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये. डब्यावरील चौकोनात लाल त्रिकोण असेल तर औषध अत्यंत विषारी समजावे.

शंका आली तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, त्याला एकट्याने गाडी चालवू देऊ नये आणि औषधाचा डबा वा चिठ्ठी घेऊनच दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिन द्यायचे की नाही, हे लवकर ठरवता येते.