धावपळ (भाग ६) : एका किलोसाठी सिन्नरपर्यंत

मागच्या भागात बुटांचं बोललो. आता कळंब-मंचर पट्ट्यात पहाटे हायवेच्या कडेने पळणाऱ्या भरतीवाल्या पोरांचा नेहमीचा सवाल : रोज पळतोय, मग काटा का हलत नाही?

हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोचा गडी १० किलोमीटर पळाला, की ७०० कॅलरी खर्ची पडल्या. सावकाश पळा नाहीतर जोरात, हा आकडा फारसा हलत नाही. एक किलो चरबीत मात्र सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे ती जाळायला या गड्याने कळंबहून निघावं आणि आळेफाटा, संगमनेर मागे टाकत पार सिन्नरच्या आसपास पोचावं! इथे तर पळून झाल्यावर टपरीवर दोन वडापाव आणि गोड चहा होतो. सकाळची बहुतेक कमाई तिथेच संपली. शिवाय वजन उतरत गेलं, की तेवढ्याच अंतराला कॅलरीही कमी लागतात. नुसत्या पळण्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचा काटा अडतो तो इथे.

काही जण ऐन उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून किंवा पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळतात. काट्यावर किलोभर कमी दिसतं, ते निव्वळ पाणी. तांब्याभर प्यायलं की भरून आलं. अंग तापून चक्कर येते ती वेगळीच. हा शुद्ध वेडेपणा आहे.

पळण्याने वजन हळू उतरतं. वजनाने पळणं मात्र लगेच बिघडतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, आणि फुप्फुसांनी ओढलेला ऑक्सिजन जास्तीची चरबी वाहून नेण्यातही खर्च होतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला शेवटच्या फेरीत दम तुटतो, त्यात याचा मोठा वाटा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात होता, तरी वजन वाढलेलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने तीनेक महिन्यांत सुमारे २० किलो उतरवल्याचं सांगतात. पुढे २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. पण त्याच्यामागे सैन्याची शिस्त होती, प्रशिक्षकाची नजर होती. ती घाई घरी करू नये. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला, आणि तोही ताटातून : साखर, तळण कमी, भाकरी, उसळ, अंडी ठेवायची. वजन फारच असेल तर आधी महिनाभर झपझप चाला.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. कमी खाऊन जास्त पळालं की पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडा जातो. तीन महिने पाळी आली नाही, तर वजन उतरल्याचा आनंद बाजूला ठेवा आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन दाखवा.