इंग्रजी अध्यापनातील संभाषण खेळ

संभाषण खेळ म्हणजे परभाषा शिकणाऱ्या मुलांना त्या भाषेत बोलण्याची गरज भासावी, अशा रीतीने रचलेले वर्गातील नियमबद्ध खेळ होत. यांत भाषा हे खेळ पुढे नेण्याचे साधन असते. प्रश्न विचारल्याखेरीज लपवलेली वस्तू ओळखता येत नाही आणि सूचना दिल्याखेरीज जोडीदाराचे काम पूर्ण होत नाही. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर या खेळांचे महत्त्व वाढले. हिंगोलीसारख्या बहुतांश ग्रामीण जिल्ह्यात शाळेबाहेर इंग्रजी संवाद क्वचितच कानावर पडतो. त्यामुळे तेथे वर्ग हीच ही भाषा बोलण्याची मुख्य जागा ठरते.

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. पुढील वर्षी, म्हणजे २००० साली, राज्यात इंग्रजी विषय पहिलीपासून लागू करण्यात आला. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत तो पाचवीपासून शिकवला जाई. पाचवीच्या मुलाला मराठी वाचता-लिहिता येत असल्याने मुळाक्षरे, शब्दार्थ व भाषांतर या मार्गाने आरंभ करणे शक्य होते. पहिलीच्या मुलाला कोणतीच लिपी येत नसते. म्हणून ऐकणे व बोलणे हीच त्याच्या शिक्षणाची पहिली पायरी ठरते.

जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोली बोलली जाते. तांड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी हीदेखील बव्हंशी शाळेतच भेटणारी भाषा असते. अशा वर्गात इंग्रजी शब्दाचा केवळ मराठी अर्थ सांगून भागत नाही. वस्तू, चित्र आणि हावभाव मात्र सर्वांना सारखेच कळतात. खेळ यांवरच उभे असतात.

सैद्धान्तिक आधार

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याची अध्यापनपद्धती मांडली. मूल बोलण्यापूर्वी बराच काळ ऐकून समजत असते, हे तिचे गृहीतक होय. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये केलेला प्रयोग ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. लक्ष भाषेच्या रूपापेक्षा अर्थावर असते तेव्हा भाषा अधिक चांगली आत्मसात होते, असे प्रभू यांचे प्रतिपादन आहे. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसणे, ही ‘माहितीची तफावत’ त्यांनी वर्गकार्याचा एक आधार मानली.

प्रमुख प्रकार

आज्ञेचे खेळ : ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ महाराष्ट्रातील मुलांना परिचित आहे. हे शब्द उच्चारले तरच आज्ञा पाळायची, असा त्याचा नियम आहे. ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’ अशा आज्ञांनी तो इंग्रजीत खेळता येतो. शिक्षक आज्ञा देतात तोपर्यंत हा श्रवणाचा खेळ असतो. आज्ञा देण्याचे काम मुलांकडे गेल्यावरच तो संभाषणाचा खेळ होतो.

अंदाजाचे खेळ : पिशवीत एक वस्तू लपवली जाते आणि मुले ‘इज इट अ पेन?’ असे विचारत ती ओळखतात. मराठीत ‘हा पेन आहे’ या वाक्याला ‘का’ जोडला की प्रश्न होतो, शब्दांचा क्रम बदलत नाही. म्हणून मराठी भाषक मूल आरंभी ‘इट इज अ पेन?’ असे स्वर चढवून विचारते. खेळात योग्य रचना पुनःपुन्हा वापरली जाते व तिचा सराव होतो.

माहिती मिळवण्याचे खेळ : प्रत्येकाला चित्रांची काही कार्डे दिली जातात. ‘डू यू हॅव अ मँगो?’ असे विचारून सारखी चित्रे जमवायची असतात. इंग्रजीतील ‘हॅव’ला नेमके प्रतिरूप असलेले क्रियापद मराठीत नाही. ‘माझ्याकडे आहे’ अशी रचना त्याचे काम करते. त्यामुळे या सरावाचा विशेष उपयोग होतो.

कानगोष्टी : एकाच्या कानात सांगितलेला शब्द रांगेतून शेवटपर्यंत पोहोचवायचा असतो. मराठीत इकाराच्या ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराने अर्थ बदलण्याची उदाहरणे थोडी आहेत. साहजिकच ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक वाटेत हरवतो आणि तो मुलांच्या लक्षात आणून देता येतो.

भूमिकेचे खेळ : दुकान, दवाखाना, बाजार असे प्रसंग मुले वठवतात. हिंगोली व वसमत ही हळदीच्या व्यापाराची केंद्रे आहेत. हळदीच्या खरेदी-विक्रीचा प्रसंग तेथील मुलांच्या पाहण्यातला असल्याने ‘हाउ मच इज धिस?’ या प्रश्नाचा संदर्भ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

वर्गातील आयोजन

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत विद्यार्थी असतील, तर दोन शिक्षकांची तरतूद आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. जोड्यांनी खेळायचे खेळ येथे सोयीचे ठरतात. तिसरी-चौथीचे मूल प्रश्न विचारते आणि पहिली-दुसरीचे मूल एका शब्दात किंवा वस्तू दाखवून उत्तर देते. खडे, पाने, बिया, जुनी पाकिटे एवढे साहित्य पुरते. खेळापूर्वी लागणारे वाक्य सर्वांनी मिळून म्हणणे आणि नियम मुलांच्या भाषेत सांगणे उपयुक्त असते. खेळ चालू असताना चूक वारंवार अडवल्यास बोलणे थांबते. म्हणून सामान्य चुकांची चर्चा खेळ संपल्यावर केली जाते.

मर्यादा

‘चुकला तो बाद’ या नियमामुळे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते, तेच मूल सर्वांत आधी बाहेर बसते. त्याऐवजी चुकणाऱ्याची भूमिका बदलणे किंवा गुण जोडीला देणे हा पर्याय असतो. मोठ्या गटात दोन-तीन धीट मुलेच बोलतात आणि उरलेली केवळ हजर असतात. समूहाने एकसुरात दिलेले उत्तर हेही प्रत्येक मूल बोलल्याचे प्रमाण नव्हे. खेळ यशस्वी झाला की नाही, हे वर्गातील गलक्यापेक्षा प्रत्येक मुलाने स्वतःहून किती वाक्ये उच्चारली, यावरून ठरवणे योग्य होय. राज्यात २०१० पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात निरीक्षण व तोंडी काम यांचा समावेश असल्याने अशा नोंदींना तेथे स्थान आहे.

संभाषण खेळ वाचन-लेखनाची जागा घेत नाहीत. त्यांनी बोलण्याचा संकोच कमी होतो आणि पुढे वाचायच्या शब्दांची कानाला आधीच ओळख होते.