फोटोतील रंगाची झाक : कारणे, उपाय आणि मर्यादा

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज आपल्या समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. मोबाईल हाती आल्यापासून तो अधिकच पक्का झाला. नळाला गढूळ पाणी आले, मजुराच्या हातावर रसायनाने पुरळ उठले, शेतातले सोयाबीन पिवळे पडले, की पहिला सल्ला मिळतो तो फोटो काढून ठेवण्याचा. सल्ला योग्यच आहे. परंतु तो फोटो तक्रारीसोबत पुढे गेला, की समोरचा मनुष्य शांतपणे म्हणू शकतो, ‘पाणी पिवळे नाही, तुमच्या दिव्याचा उजेड पिवळा आहे.’ आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य असणे अगदी शक्य असते. म्हणून ही नको असलेली झाक कोठून येते, ती कशी काढावी आणि कोणती झाक मुळीच काढू नये, हे सामान्य माणसाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. कामगार संघटनेच्या कामात असे फोटो आमच्यापुढे नित्य येतात. त्या निमित्ताने जे वाचले आणि करून पाहिले, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम उजेडाचा विचार करू. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले की आधी ते लालबुंद होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फार तापले तर पांढरे दिसू लागते. शास्त्रज्ञांनी उजेडाच्या रंगाचे माप याच अनुभवावरून घेतले व त्यास ‘केल्विन’ हे एकक लावले. साध्या तारेच्या बल्बचा उजेड सुमारे 2,700 केल्विनचा, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे 5,500 केल्विनचा, आणि सावलीत नुसत्या निळ्या आभाळाकडून येणारा उजेड 7,000 केल्विनहूनही वरचा. आकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळसर. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो.

मग हा फरक आपल्या डोळ्यांना का जाणवत नाही? कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाशी जुळवून घेतात. पांढरे धोतर उन्हात पाहा की बल्बखाली पाहा, आपण त्याला पांढरेच म्हणतो. अर्थात ही तडजोड पुरी नसते. साडी घेताना आपल्या बायाबापड्या ती दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहतात, त्याचे कारण हेच. कॅमेऱ्याजवळ मात्र अशी तडजोड उपजत नसते. त्यातील पडद्यावर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात व त्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसविलेल्या असतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना 1976 साली ज्या मांडणीचे पेटंट मिळाले, तीच बहुतेक कॅमेऱ्यांत आहे : दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हे बिंदू आलेला उजेड इमानाने मोजतात. बल्बखाली लाल जास्त आला तर लाल जास्त लिहितात.

यावर उपाय म्हणून कॅमेरा स्वतःच एक अंदाज बांधतो. त्याला ‘ऑटो व्हाईट बॅलन्स’ म्हणतात. त्यातील सर्वांत जुना अंदाज असा, की चित्रातील सर्व रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यावी. न आली तर दोष उजेडाचा मानावा. आता हा कॅमेरा आपल्या मुदखेडच्या फुलशेतीत न्या आणि झेंडूची रास चौकटभर घ्या. सरासरी पिवळी येणारच! या अंदाजावर चालणारा कॅमेरा समजतो की उजेड पिवळा आहे, आणि निळा वाढवून झेंडूचे तेज घालवितो. हळदीच्या ढिगाचीही तीच गत. नव्या मोबाईलमधील अंदाज पुष्कळ सुधारले आहेत, तरी अंदाज तो अंदाजच. उलट, संध्याकाळच्या तांबूस उन्हात काढलेल्या फोटोत निरोगी पानही पिवळट दिसते. असा फोटो परभणीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञाकडे पाठविला, तर रोगाविषयी त्यानेही काय सांगावे?

यातून सुटण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चित्रात एक निःपक्षपाती साक्षीदार उभा करणे. साक्षीदार म्हणजे जिला स्वतःचा रंग नाही अशी वस्तू. एक हिशेब पाहू. समजण्यासाठी तो सोपा केला आहे. फोटोतील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 पर्यंत. बल्बखाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदाचे आकडे लाल 240, हिरवा 200, निळा 120 असे आले. कागदाला रंग नाही, म्हणजे तिन्ही सारखे हवेत. लालला 0.83 ने आणि निळ्याला 1.67 ने गुणले की तिन्ही 200 वर येतात. हेच गुणक सबंध फोटोला लावले की झाक जाते. सारी विद्या एवढीच आहे.

हा गुणाकार आपल्याला हाताने करावा लागत नाही. मोबाईलवरील ‘स्नॅपसीड’मध्ये ‘व्हाईट बॅलन्स’ या साधनात एक ड्रॉपर असतो. तो कागदावर टेकवावा. संगणकावर ‘गिम्प’ हा मोफत कार्यक्रम आहे. त्यात ‘लेव्हल्स’मधून राखाडी बिंदू निवडता येतो. साक्षीदार नसेल तर पट्ट्या सरकवून डोळ्यांनी जुळवावे लागते : पिवळी झाक असेल तर ‘टेंपरेचर’ची पट्टी निळ्याकडे न्यावी, हिरवी झाक असेल तर ‘टिंट’ची पट्टी जांभळट गुलाबीकडे न्यावी.

साक्षीदार मात्र पारखून घ्यावा. निळीत बुडविलेले धोतर हा भरवशाचा साक्षीदार नव्हे. पुष्कळशा पांढऱ्याशुभ्र कागदांतही उजळपणासाठी द्रव्य घातलेले असते व ते उन्हात किंचित निळसर दिसतात. छायाचित्रकारांचे राखाडी कार्ड सर्वांत उत्तम. ते नसेल तर चकचकीत नसलेला साधा कागद चालेल. त्यावर प्रखर उजेड पडू देऊ नये, कारण एखादा आकडा 255 ला टेकला की त्यापुढची नोंद नाहीशी होते आणि हिशेब चुकतो. कागद वस्तूच्या अगदी शेजारी, त्याच उजेडात धरावा. पाण्याचा फोटो घ्यायचा तर काचेच्या पेल्यामागे कागद उभा करावा आणि त्याचा थोडा भाग पेल्याबाहेर दिसू द्यावा. पेल्याबाहेरचा कागद पांढरा आणि पेल्यातून दिसणारा पिवळा असेल, तर दिव्याचे निमित्त कोणाला सांगता येणार नाही.

आता मर्यादा. मंडपात एका बाजूने दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर एकच गुणक दोहोंना लागू पडत नाही; एक दिवा बंद करणे हाच शहाणपणा. निळ्या ताडपत्रीखालचा माल आधी बाहेर उजेडात आणावा, मग फोटो घ्यावा. आणि कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली तर इलाजच नाही. त्याचा उजेड जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा, 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्यात निळा नसतोच. आणि शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. जे उजेडाने आणलेच नाही, ते कोणतेही यंत्र परत देऊ शकत नाही. ते रंग भरू शकेल, पण तो त्याचा अंदाज असेल, नोंद नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक झाक हा दोष नसतो. आपले मुदखेड ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाने 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जतन करविले. त्यांनी चित्रांवर लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-तपकिरी पडला. आज त्या भिंतीचा फोटो घेतला व राखाडी कार्डाने उजेडाची झाक काढली, तरी तो तपकिरीपणा राहील. आणि तो राहिलाच पाहिजे, कारण तो उजेडाचा नाही, भिंतीवरचा आहे. तो पुसून दाखविलेले चित्र मनोहर होईल, पण ती भिंतीची आजची अवस्था नव्हे.

माणसाच्या कातडीचेही असेच. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकने छापखान्यांना रंग जुळविण्यासाठी जी नमुन्याची कार्डे दिली, त्यांवर वर्षानुवर्षे गोरी स्त्रीच असे. काळ्यासावळ्या माणसांचे फोटो त्यामुळे नीट उठत नसत. आज मोबाईलमधील चेहरा उजळ करणारी बटणे त्याच वळणावर चालतात. उन्हात राबलेल्या माणसाचा रंग ही झाक नव्हे. राखाडी कार्डाने ती तशीच राहते, आणि शोभेचे बटण ती पुसते. झाक काढणे आणि रंग बदलणे यांतील भेद यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

शेवटी पुराव्याविषयी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या फाइलची अंकमुद्रा, म्हणजे ‘हॅश’, नोंदवावी लागते. एक बिंदू बदलला तरी ही मुद्रा बदलते. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी, आणि काय दुरुस्त केले ते दोन ओळींत लिहून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठविला तर तो दाबून लहान केला जातो; म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ करून पाठवावा.

खिशात एक राखाडी कार्ड किंवा कागदाचा कपटा बाळगण्यास खर्च येत नाही. ज्याच्यापाशी वकील नाही, ज्याची ओळखपाळख नाही, त्याचा मोबाईल हाच पुष्कळदा त्याचा एकमेव साक्षीदार असतो. त्या साक्षीदाराची उलटतपासणी होणार आहे, हे धरूनच त्याला उभे करावे.